दर सामाईक, वजन ज्याचं त्याचं
गटप्रकल्पाचे गुण आणि मुदती यांबद्दलचा जाहीरनामा

प्रोजेक्टच्या ब्लॅक बुकात मुखपृष्ठानंतर एक प्रमाणपत्र असतं. पाच-सहा ओळींचं एकच वाक्य. त्यात एकाखाली एक चार नावं, पुढे रोल नंबर, आणि तळाला गाईड, विभागप्रमुख, प्राचार्य, एक्स्टर्नल यांच्या सह्यांच्या रेघा. खालील विद्यार्थ्यांनी हे काम समाधानकारकरीत्या पूर्ण केलं आहे, असं ते वाक्य सांगतं. चौघांनी, आणि सारखंच. महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून दर उन्हाळ्यात अशी हजारो पुस्तकं सोनेरी अक्षरांत बांधून बाहेर पडतात. ते वाक्य कितपत खरं आहे, हे प्रत्येक गटाला आतून पक्कं ठाऊक असतं.

आमचं भांडण त्या वाक्याशी आहे.

आम्ही म्हणजे शेवटच्या वर्षाला असलेली मुलंमुली, नुकतेच पास होऊन नोकरीला लागलेले काही जण, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे थोडे शिक्षक. शिक्षकांनी सध्या आमची नावं घालू नका असं सांगितलं आहे आणि त्यांचं कारण समजण्यासारखं आहे. चळवळीला नाव अजून ठेवलेलं नाही. नावं ठेवणारे पुढे भरपूर भेटतील, तेव्हा तेही काम होऊन जाईल.

व्हायवाला पीपीटी फिरते तेव्हा जरा नीट बघा. प्रस्तावना आणि विषयाची गरज या पहिल्या दोन स्लाइड, ज्याने वर्षभर काही केलेलं नसतं त्याच्याकडे असतात. शेवटची ‘फ्युचर स्कोप’ही बहुधा त्याच्याच वाट्याला येते, कारण जे अजून झालेलंच नाही त्यावर कोणीही बोलू शकतं. मधलं सगळं, म्हणजे सर्किट, कोड, टेस्टिंग, बोर्ड का जळला आणि परत कसा चालला, हे एकटी एक मुलगी सांगत असते. बाकीचे तिघे प्रोजेक्टरच्या उजेडात हात मागे बांधून उभे. एक्स्टर्नलना पुढच्या कॉलेजला जायचं असतं. ते विचारतात, “टीमवर्क कसं होतं?” चौघं एका सुरात म्हणतात, “चांगलं होतं, सर.” मार्क पडतात, सगळ्यांना सारखे. एक-दोन मार्कांचा फरक पडलाच, तर ज्याचं इंग्रजी सफाईदार त्याच्या बाजूने.

ही मुलगी तक्रार का करत नाही? केलेली असते. गाईडनी सांगितलेलं असतं, “तुमचं तुम्ही मिटवा. पुढे कंपनीतही असेच लोक भेटणार आहेत, आत्तापासून सवय करा.” हे उत्तर आम्ही इतक्या विभागांतून ऐकलं आहे की ते शिक्षकांच्या प्रशिक्षणातच शिकवतात की काय, अशी शंका येते. कंपनीत असे लोक भेटतात हे खरं. पण तिथे चौघांचा पगार सारखा नसतो. वर एक मॅनेजर असतो आणि कोण काय करतं हे बघण्याचेच पैसे त्याला मिळतात. दुसऱ्या टीममध्ये बदली मागता येते, फारच झालं तर राजीनामा टाकून घरी जाता येतं. कॉलेजच्या गटात यातलं काहीच नाही. ना पगारात फरक, ना बघणारा, ना बदली, ना राजीनामा. कंपनीची उपमा द्यायची असेल तर कंपनीची व्यवस्थाही द्या.

आयत्या बिळावरच्या या नागोबांना झोडपणं सोपं आहे. तरी हा जाहीरनामा फुकट्यांविरुद्ध आहे असं कोणी समजू नये. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने 1880 च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून किती जोर लागतो ते मोजलं होतं. त्याचे आकडे 1913 साली छापून आले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तो 100 धरला, तर चौघं मिळून ओढताना प्रत्येकाचा जोर 77 वर येतो आणि आठ जण असतील तर 49 वर. तिथे दोर तरी एकाच वेळी सगळ्यांनी ओढायचा होता, थोडा ताळमेळ चुकतच असणार. म्हणून 1979 साली अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी लोकांना नुसत्या टाळ्या वाजवायला आणि ओरडायला सांगितलं. सहा जणांच्या गटातून निघालेला आवाज त्या सहांच्या वेगवेगळ्या आवाजांच्या बेरजेच्या 40 टक्के भरला. पुढच्या प्रयोगात डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन. माणूस एकटाच ओरडतोय, पण त्याला वाटतंय की सोबत पाच जण आहेत. तरी आवाज कमी. म्हणजे ताळमेळाचा प्रश्न वगळला तरी माणूस हात राखूनच होता.

आमच्या कामाचा निष्कर्ष त्यानंतरचा आहे. त्याच तिघांनी 1981 साली दाखवलं की गटात असतानाही आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं प्रत्येकाला सांगितलं, तर ही ढिलाई उरत नाही. माणसं तीच, काम तेच, बदललं फक्त मोजमाप. तेव्हा ‘आजकालच्या पोरांना जबाबदारीच नाही’ हे निदान घेऊन आमच्याकडे येऊ नका. चौघांना एकच आकडा देणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत एखादा तरी मागे सरकून बसणार, मग तो कितीही चांगल्या घरचा असो.

आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी ऊस आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला त्याला आता पंचाहत्तर वर्षं झाली. एकत्र काम करायचं आणि तरी प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवायचा, हे कसं जमवायचं ते तिथे कधीच ठरून गेलं आहे. गाळप सगळ्यांच्या उसाचं एकत्रच होतं. उतारा किती पडला तो अख्ख्या कारखान्याचा धरतात आणि दर त्या उताऱ्यावर ठरतो. तो दर सगळ्यांना सारखा. म्हणजे प्रत्येकाचा ऊस चांगला असण्यात प्रत्येकाचं हित. पण गाडी आत जाताना वजनकाट्यावर थांबते, आणि वजनाची चिठ्ठी ज्याच्या त्याच्या नावाने फाडली जाते. काटामारीच्या तक्रारी असतात, त्यावर आंदोलनंही होतात. म्हणून काटाच काढून टाका आणि सगळ्या सभासदांना समान पैसे वाटा, असं आजवर एकाही वार्षिक सभेत कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. कॉलेजांनी मात्र नेमकं तेच केलं आहे.

आमची मुख्य मागणी एवढीच, की प्रकल्प कसा झाला त्याचे गुण गटाचे एकत्र असावेत आणि त्यांना प्रत्येकाच्या वाट्याचं वजन लावावं. दर सामाईक, वजन ज्याचं त्याचं.

याची रीत आम्ही शोधून काढलेली नाही. कॉफमन, फेल्डर आणि फुलर या तिघांनी 2000 साली इंजिनीअरिंगच्या वर्गांसाठी लिहिलेल्या निबंधात ती आहे. गटातल्या प्रत्येकाने प्रत्येकाच्या सहभागाला ठरावीक शब्दांत दर्जा द्यायचा. ‘उत्कृष्ट’ ते ‘फिरकलाच नाही’ अशी नऊ पायऱ्यांची शिडी आहे, आणि प्रत्येक पायरीला आकडा. मग एकेकाची सरासरी काढायची, तिला गटाच्या सरासरीने भागायचं, आणि येईल त्या पटीने गटाचे गुण गुणायचे. वरची मर्यादा 1.05 पट. समजा गटाला 80 मिळाले आणि चौघांच्या सरासऱ्या 95, 90, 90 आणि 45 आल्या. गटाची सरासरी 80. पहिल्या तिघांची पट मर्यादेला अडते, त्यांना 84 पडतात. चौथ्याची पट 0.5625, त्याच्या हातात 45. हे करायला एक्सेलची एक शीट पुरते, संगणक विभागाच्या तर डाव्या हातचा मळ.

वरची मर्यादा आम्हाला विशेष पटते. सगळं स्वतःच ओढणाऱ्याला, दुसऱ्याला हात लावू न देणाऱ्या हुशार माणसाला तिच्यामुळे 20-25 गुणांचं बक्षीस मिळत नाही. असे लोकही आमच्या गटांत असतात. ते इतरांचा कोड रात्री खोडून स्वतःचा घालतात आणि सकाळी “मलाच सगळं करावं लागतं” म्हणून हिंडतात.

आता यातला धोका. तो आम्हाला दिसत नाही असं नाही, उलट या मसुद्यावर सर्वांत जास्त वाद त्यावरच झाला. मित्रमित्रांच्या हातात गुण दिले की तिघं मिळून चौथ्याला खाली पाडू शकतात. आणि तो चौथा कोण असेल हे सांगायला ज्योतिषी नको. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, वर्गात कोणाशी ओळख नसलेला. मराठी माध्यमातून आलेला, मीटिंगमध्ये गप्प बसणारा. हॉस्टेलवर न राहता कसाऱ्याहून लोकलने येणारा, म्हणून रात्रीच्या बैठकीला नसणारा. चौघांत एकटी मुलगी असली तर ती. तिला आधी रिपोर्ट आणि पीपीटी ‘तुझं अक्षर चांगलं आहे’ छापाच्या कारणाने चिकटवायचं, आणि मग दर्जा देताना म्हणायचं, “तांत्रिक काम कुठं केलं तिने?” आडनाव वाचून माणसाचं वजन ठरवणारेही वर्गात असतात, ते काही गेटबाहेर चपला काढून आत येत नाहीत.

म्हणून नुसता सूत्राचा कागद आम्हाला नको. दर्जा देताना प्रत्येक आकड्यापुढे दोन ओळींचं कारण लिहिलं पाहिजे, आणि कारणात घडलेली गोष्ट हवी. ‘काम करत नाही’ हे कारण चालणार नाही. ‘सेन्सरचं रीडिंग दोन आठवड्यांत देतो म्हणाला, दिलं नाही, तीनदा विचारलं’ हे चालेल. असा दर्जा वर्षाच्या शेवटी एकदाच काढला तर तो निव्वळ सूड होतो. तो सत्राच्या मध्यात एकदा, गुण न लावता, फक्त ज्याचा त्याला दाखवला पाहिजे. ज्याला 45 पडणार आहेत त्याला ते ऑक्टोबरात कळलं तर तो सुधारेल किंवा भांडेल, आणि दोन्ही चांगलं. एप्रिलमध्ये कळून काय उपयोग? शिवाय कोणाचीही पट 0.8 च्या खाली गेली, तर गाईडनी त्या माणसाला एकट्याला बोलावून ऐकून घ्यावं आणि गटाच्या नोंदी बघाव्यात. ऐकून घेतल्याशिवाय ती पट लागू होऊ नये. रिपोर्ट लिहिणं, बाजारात जाऊन सुटे भाग आणणं, भांडणं सोडवून गट टिकवणं ही कामं सुरुवातीलाच यादीत नावानिशी लिहिली जावीत, म्हणजे शेवटी ती ‘काम’ म्हणून मोजताना कोणाची जीभ अडखळणार नाही. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ भर दुपारी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात नेमक्या रेटिंगचा मॉसफेट शोधत जो फिरला आहे, त्याला ते काम किती तांत्रिक असतं हे विचारा.

गिटच्या नोंदी बघून वजन काढावं, अशी सूचना आमच्यातल्या कोडवाल्यांनी केली होती. ती आम्ही अर्धीच स्वीकारली. कोणी कधी काय बदललं हे गिट दाखवतं, गूगल डॉक्समध्येही जुन्या आवृत्त्या दिसतात, आणि वाद पडला तर त्या नोंदी काढून बघाव्यातच. पण ओळी मोजून गुण द्यायला लागलात तर दुसऱ्याच दिवशी रिकाम्या ओळींचा पाऊस पडेल. आणि ज्याने दोन दिवस डोकं खाजवून एका ओळीतली चूक काढली, त्याच्या नावावर एकच ओळ दिसेल.

रिपोर्ट चॅटजीपीटीने लिहिला असेल तर काय, असं विचारलं जातं. ज्या भागापुढे ज्याचं नाव, त्याने त्या भागाचं उत्तर व्हायवात द्यायचं. कोण बोलणार हे गटाने ठरवायचं नाही, परीक्षकांनी बोट दाखवायचं. हाच नियम बाजारातून विकत आणलेल्या रेडीमेड प्रोजेक्टलाही पुरतो.

राजीनाम्याची सोयही हवी. बार्बरा ओकली, फेल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली विद्यार्थ्यांच्या गटांसाठी जी नियमावली सुचवली, तिच्यात दोन गोष्टी आहेत. एखाद्या टप्प्याला ज्याने हात लावला नाही त्याचं नाव त्या टप्प्याच्या कागदावर घालायचं नाही. आणि लेखी ताकीद देऊनही फरक पडला नाही, तर शिक्षकांच्या संमतीने त्याला गटातून काढता येतं, किंवा सगळा भार वाहणाऱ्याला स्वतः गट सोडता येतो. मित्राचं नाव वगळणं आपल्याकडे सोपं नाही हे आम्ही जाणतो. वर्गात प्रॉक्सी लावणं ही मैत्री आणि ब्लॅक बुकात नाव न घालणं ही गद्दारी, अशी आपली नीती आहे. म्हणूनच हा नियम गटाचा नको, कॉलेजचा हवा. “माझ्या हातात नाही रे, नियमच आहे” असं म्हणायची सोय चांगल्या मुलांनाही लागते.

आता मुदती. यात आमचा राग जास्त आहे.

सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडतो, ‘सबमिशन सोमवारी. सरांशी बोलणं झालंय.’ खाली अंगठे आणि जोडलेले हात. ज्या गटाने दुसऱ्या विषयाचा अभ्यास बाजूला ठेवून काम संपवलं, झेरॉक्सच्या दुकानात रांग लावून रंगीत पानं वेगळी काढली, बाइंडिंगवाल्याला अर्जंटचे जादा पैसे दिले, त्याच्या पदरात काय पडलं? ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांना चार दिवस मिळाले, तेही सुट्टीला जोडून. दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर एकाच दिवशी तपासली जाणार, आणि चार दिवस जास्त मिळालेलं पुस्तक थोडं बरं दिसणार. अशी वाढ म्हणजे वेळेत देणाऱ्याचे मार्क गुपचूप कापणं. पुढच्या सत्राला तो गटही शहाणा होतो. सर मुदत वाढवतातच, हे त्यालाही कळून चुकलेलं असतं.

दुसऱ्या टोकाला पोर्टल असतं. ते 11:59 ला बंद होतं, फाइल 92 टक्के अपलोड झालेली असते, आणि सकाळी गाईड सांगतात, सिस्टिमने घेतलंच नाही तर मी काय करू? एका दारात कोणालाही मोकळीक आणि दुसऱ्या दारात कोणालाच नाही. कारण दोन्हीकडे एकच आहे, मुदतीचा नियम कुठेच लिहिलेला नसतो. ज्याची सरांशी ओळख, त्याला तो वाकतो.

मुदत चुकण्याला आम्ही पाप मानत नाही. 1994 साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी कॅनडातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं. सरासरी उत्तर आलं 33.9 दिवस. सगळंच बिनसलं तर किती लागतील, असंही विचारलं. 48.6. प्रत्यक्षात लागले 55.5. म्हणजे अंदाजाचं वाईटात वाईट टोकही कमी पडलं. तिथे प्रत्येकाचं काम स्वतःचं एकट्याचं होतं. आमच्याकडे चार जणांचे चार आशावादी अंदाज एकमेकांवर टेकून उभे असतात, आणि एक घसरला की चारही घसरतात.

हे माहीत असताना वर्षाचं सगळं वजन शेवटच्या एका तारखेवर टाकणं हा कामाचा आराखडाच चुकीचा आहे, आणि तोही आराखडे शिकवणाऱ्या विभागांत. आम्हाला सत्राच्या पहिल्या आठवड्यात छापील तारखा हव्यात, टप्प्याटप्प्याच्या, आणि प्रत्येक टप्प्याचे गुण तिथल्या तिथे कुलूपबंद. शेवटच्या सबमिशनला निम्म्यापेक्षा जास्त वजन नको. प्रत्येक गटाच्या खात्यावर सत्राला चार सवलतीचे दिवस असावेत. वापरताना कारण सांगायचं नाही, कोणाच्या केबिनबाहेर उभं राहायचं नाही, फक्त कळवायचं. एका टप्प्यात दोनच वापरता येतील, आणि उरले तर त्याचे जादा गुण नाहीत. ते संपल्यावर दिवसाला 10 टक्के कपात, पाच दिवसांपर्यंत. त्यानंतर शून्य, पण काम तपासून शेरा तरीही द्यायचा. सगळ्या वर्गाची मुदत वाढवायचीच वेळ आली, म्हणजे पूर आला, लोकल बंद पडली, विद्यापीठाने परीक्षाच पुढे ढकलली, तर ज्यांनी मूळ तारखेला दिलं त्यांना तेवढ्याच दिवसांत आपलं काम सुधारून पुन्हा देण्याची मुभा हवी. एवढं केलं की आदल्या रात्रीच्या त्या मेसेजमधला अर्धा गोडवा आपोआप निघून जातो.

आजारपण आणि घरातलं मयत हे या चार दिवसांत मोजायचं नाही. तेराव्याच्या आधी मुलाकडे सबमिशनचा हिशेब मागू नये आणि वर्गासमोर दाखलाही मागू नये. हे लिहून ठेवावं लागतं, यावरून काय ते ओळखा.

एकाच्या उशिराने चौघांची कपात हा प्रकार तर ताबडतोब थांबायला हवा. टप्पा नेमून दिलेल्या भागांचा असेल, तर ज्याचा भाग उशिरा त्याचीच कपात. इतर तिघांनी तो भाग कोरा ठेवून वेळेत द्यावं आणि त्या जागी ‘हा भाग आलेला नाही’ असं लिहावं. रात्रभर दुसऱ्याचं काम स्वतः उरकून त्याची अब्रू राखणं बंद करावं.

आणि रात्री 11:59 ही वेळ कोणी ठरवली कोण जाणे, सॉफ्टवेअरने आपसूक घातलेली दिसते. आम्हाला कामाच्या दिवशी संध्याकाळी पाचची वेळ हवी. मध्यरात्रीच्या मुदतीत जास्तीचे सात तास मिळतात ते ज्याच्या खोलीत वायफाय आणि स्वतःचा लॅपटॉप आहे त्याला. मुलींच्या हॉस्टेलचं गेट मुलांच्या हॉस्टेलच्या आधी बंद होतं, लॅबची किल्ली शिपाईमामा सहाला घेऊन जातात, कर्जतच्या गाडीत उभं राहून टायपिंग होत नाही, आणि जो संध्याकाळी दुकानावर किंवा डिलिव्हरीवर जातो त्याच्यासाठी तर हे सात तास नसतातच. पाचला सर्व्हर अडकला तर विचारायला एखादं माणूस तरी ऑफिसात असतं.

मुदत दोन्ही बाजूंना हवी. उसाच्या 1966 च्या नियंत्रण आदेशात ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, असं लिहिलेलं आहे. कारखाने ते किती पाळतात हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर आमच्या घरी रोज बोलणं होतं. तरी शेतकऱ्याच्या हातात बोट ठेवायला एक कलम आहे. पहिल्या रिव्ह्यूचा कागद आम्हाला तिसऱ्या रिव्ह्यूनंतर मिळतो, कधी मिळतच नाही. तपासलेलं काम शेऱ्यासह 14 दिवसांत परत आलं पाहिजे. नाही आलं, तर त्या कामावर उभा असलेला पुढचा टप्पा तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकावा.

यात गाईडवर बोजा पडतो हे आम्हाला दिसतं. एकेकाकडे पाच-सहा गट, वर थिअरीचे तास, वर मानांकनाच्या फायली. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर प्रोजेक्टसाठी दिलेला वेळ बऱ्याच ठिकाणी धरलाच जात नाही. तो वेळ कार्यभारात मोजावा आणि त्याचे पैसे द्यावेत, हीसुद्धा आमचीच मागणी आहे. आमच्याबरोबर असलेल्या शिक्षकांनी ती घालायला सांगितलेली नाही, आम्ही आपणहून घातली आहे.

मग गटप्रकल्पच बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. एकट्याने करण्यासारखी कामं फार छोटी असतात. भारत 2014 साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला तेव्हापासून राष्ट्रीय मानांकन मंडळाच्या निष्पत्तींची यादी विभागाविभागांत भिंतीवर लागली. बारा कलमांच्या त्या यादीत नववं कलम होतं ‘व्यक्ती म्हणून आणि गटात काम करणं’. व्यक्ती आधी, गट नंतर, दोन्ही एकाच ओळीत. मानांकन समितीला दाखवायच्या तक्त्यात या कलमापुढे विद्यार्थ्यागणिक आकडा भरलेला असतो. चौघांना एकच मार्क दिलेले असताना तो आकडा आला कुठून, हे समितीने एकदा विचारून बघावं.

गट कसे पाडायचे, रोल नंबरने, पॉइंटर बघून की मर्जीने, यावर आमचं एकमत झालेलं नाही. ‘उरलेल्यांचा गट’ नावाचा गट कुठल्याही वर्गात असू नये, एवढ्यावर आमचं जुळतं. बाकीचं पुढच्या बैठकीत.

विद्यापीठांची अभ्यासमंडळं हे सगळं मान्य करतील तेव्हा करतील. तोवर थांबायची गरज नाही, कारण एक गोष्ट आपल्याच हातात आहे. संशोधनाच्या मोठ्या नियतकालिकांत आता लेखकांच्या नावांबरोबर कोणी काय केलं हेही छापतात. त्यासाठी क्रेडिट नावाची 14 भूमिकांची प्रमाण यादी आहे: कल्पना कोणाची, प्रयोग कोणाचा, सॉफ्टवेअर कोणाचं, पहिला मसुदा कोणाचा, पैसे कोणी उभे केले. आपण त्यातलं हवं ते घ्यायचं आणि ब्लॅक बुकात एक पान वाढवायचं, योगदानपत्र. चौघांचे चार परिच्छेद, ज्याचा त्याने लिहिलेला, खाली ज्याची त्याची सही, आणि प्रत्येक परिच्छेदाखाली उरलेल्या तिघांच्या छोट्या सह्या. कोणी सही करायला नकार दिला तर ती जागा कोरी सोडायची, खाडाखोड नको.

हे पान प्रमाणपत्रानंतर आणि ऋणनिर्देशाच्या आधी लावा. बाइंडिंगला टाकण्यापूर्वी गाईडना दाखवा. त्यांनी काढायला सांगितलं तर का, ते ईमेलवर मागा, आणि पानाच्या चार प्रती काढून व्हायवाला सुट्या घेऊन जा. एक्स्टर्नलनी टीमवर्कबद्दल विचारलं की एक प्रत त्यांच्यापुढे ठेवा. नमुना पान तयार आहे, ए-4 आकारात, एका बाजूला मराठी आणि मागे इंग्रजी. ज्यांना हवं त्यांनी आपापल्या कॉलेजच्या झेरॉक्सवाल्याकडे एक मूळ प्रत ठेवून द्यावी, म्हणजे मागेल त्याला मिळेल.